हवामानबदलाची झळ कोणाला किती? : मोजमापाचे शास्त्र आणि आपला परिसर

हवामान बदलत आहे, हे आता पुस्तकात वाचण्याची गरज उरलेली नाही. मृग कोरडा जातो, पेरणी पुढे ढकलावी लागते, दोन पावसांत पंधरा-वीस दिवसांचा खंड पडतो आणि मग महिन्याचा पाऊस दोन रात्रींत कोसळतो. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये ऐन काढणीच्या दिवसांत मराठवाड्यावर गारांचा मारा झाला. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेच्या टाक्यांतून पिण्याचे पाणी न्यावे लागले. त्याच मराठवाड्यात सप्टेंबर २०२५ मध्ये अतिवृष्टीने आणि पुराने लाखो हेक्टरांवरील उभी पिके गेली. दहा वर्षांच्या आत एकाच प्रदेशाने ही दोन्ही टोके पाहिली.

यामागचे कारण थोडक्यात असे. १८५०-१९०० च्या तुलनेत २०११-२०२० या दशकात पृथ्वीच्या पृष्ठभागाचे सरासरी तापमान सुमारे १.१ अंश सेल्सियसने वाढलेले होते. हवा एक अंशाने तापली की तिची बाष्प धरून ठेवण्याची क्षमता सुमारे सात टक्क्यांनी वाढते. म्हणून पाऊस थांबतो तेव्हा जमीन लवकर वाळते आणि पडतो तेव्हा एकदम पडतो. मध्य भारतात १९५० ते २०१५ या काळात विस्तृत क्षेत्रावरील अतिवृष्टीच्या घटना सुमारे तिपटीने वाढल्या, असे भारतीय शास्त्रज्ञांनी २०१७ मध्ये दाखवून दिले.

येथपर्यंतची माहिती आपण वृत्तपत्रांत वाचतो. परंतु "हवामानबदलाचा फटका सर्वांनाच बसतो" असे जे म्हटले जाते, ते अर्धेच खरे आहे. पाऊस सर्वांवर पडतो हे खरे, पण सर्वांचे छप्पर सारखे नसते. मग कोणाला किती झळ बसेल, हे आधी सांगता येईल काय? ते मोजता येईल काय? आणि मोजले तर त्याचा उपयोग कोणाला? या तीन प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. या मोजमापावरून पुढे निधी, योजना आणि मदत कोठे जाणार हे ठरत असते; म्हणून हा विषय आपल्या विद्यार्थ्यांना ठाऊक असणे आवश्यक आहे.

एकाच वर्षी दोन उत्तरे

२०२१ साली आपल्या देशात या विषयावरील दोन अहवाल प्रसिद्ध झाले. पहिला केंद्र सरकारच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाच्या पुढाकाराने मंडी व गुवाहाटी येथील आय.आय.टी. आणि बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था यांनी तयार केला. त्यात १४ निर्देशक वापरून राज्यांची क्रमवारी लावली होती. झारखंड सर्वांत असुरक्षित ठरले. त्याचा निर्देशांक ०.६७ होता. सर्वांत कमी असुरक्षित राज्य ठरले आपले महाराष्ट्र. निर्देशांक ०.४२.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये दिल्लीच्या कौन्सिल ऑन एनर्जी, एन्व्हायर्नमेंट अँड वॉटर या संस्थेचा दुसरा अहवाल आला. त्यात देशातील सर्वांत असुरक्षित राज्यांची नावे होती आसाम, आंध्र प्रदेश, महाराष्ट्र, कर्नाटक आणि बिहार.

म्हणजे एका अहवालात महाराष्ट्र अगदी तळाशी आणि दुसऱ्यात पहिल्या काही राज्यांत! वाचणारा गोंधळून जाईल, किंवा "सगळे आकडे खोटे" असे म्हणून मोकळा होईल. परंतु दोन्ही अहवाल जाणकारांनी तयार केलेले होते. फरक होता तो प्रश्नात. पहिल्या अहवालाने विचारले : संकट कोणतेही येवो, येथील समाज आतून किती कमजोर आहे? दुसऱ्याने विचारले : येथे पूर, दुष्काळ, वादळे प्रत्यक्ष किती येतात, आणि त्यांच्यासमोर येथील लोक व जमीन किती टिकतात? प्रश्न बदलला की उत्तर बदलते. म्हणून कोणताही निर्देशांक हाती आला की त्यात काय काय मोजले आहे, हे आधी पाहावे.

झळ म्हणजे नेमके काय?

शास्त्रज्ञांनी या गोष्टीचे तीन भाग पाडले आहेत. संयुक्त राष्ट्रांच्या आंतरसरकारी हवामानबदल मंडळाच्या २००१ च्या अहवालात ही मांडणी स्पष्टपणे आढळते.

पहिला भाग, सामना. म्हणजे संकट आपल्यापर्यंत पोहोचते किती. पूर्णा तालुक्यात पूर्णा नदी गोदावरीला मिळते. वरच्या अंगाला येलदरी आणि सिद्धेश्वर ही धरणे आहेत. जोराच्या पावसाळ्यात धरणांतून पाणी सोडले की नदीकाठच्या शिवाराला त्याचा सामना करावा लागतो. माळावरच्या गावाला तो करावा लागत नाही.

दुसरा भाग, संवेदनशीलता. म्हणजे संकट आले तर इजा किती होते. नदीकाठची खोल काळी जमीन ओल धरून ठेवते, म्हणून पावसाच्या खंडात तेथील सोयाबीन काही दिवस जास्त तग धरते. पण तीच जमीन अतिवृष्टीत चिबडते आणि मुळ्या सडतात. उलट जिंतूरच्या डोंगराळ भागातील हलकी, मुरमाड जमीन पाणी लवकर निचरून देते, पण दोन आठवडे पाऊस लांबला की पीक माना टाकते. एकाच जिल्ह्यात, एकाच पावसाळ्यात, एकाचे दुखणे ओले आणि दुसऱ्याचे कोरडे.

तिसरा भाग, अनुकूलन क्षमता, म्हणजे सावरण्याची ताकद. घरात एखादी पगाराची नोकरी आहे काय? विहिरीला पाणी आहे काय? बँकेचे दार उघडे आहे काय? घरातील स्त्रिया शिकलेल्या आहेत काय? रस्ता, दवाखाना, विमा यांपर्यंत हात पोहोचतो काय? दोन घरांची पिके सारखीच बुडाली तरी ज्या घरात दरमहा पगार येतो ते घर पुढल्या हंगामाला बियाणे घेते, आणि ज्या घरात तो येत नाही ते कोयता घेऊन ऊसतोडणीला जाते.

पुढे २०१४ च्या अहवालात या मांडणीत बदल झाला. संकट, त्याचा सामना आणि असुरक्षितता या गोष्टी वेगळ्या मोजून त्या तिघींतून 'जोखीम' निघते, असे ठरले. वर सांगितलेल्या पहिल्या अहवालाने ही नवी रीत घेतली, तर दुसऱ्याने जुन्या रीतीप्रमाणे सामना हा असुरक्षिततेच्या आतच धरला. दोन उत्तरांचे मूळ ते हेच.

निर्देशांक कसा काढतात?

विद्यार्थ्यांसाठी हा हिशेब उदाहरणाने सांगतो. अ, ब, क अशी तीन गावे कल्पू. प्रत्येकाची तीन माहिती घेऊ : कोरडवाहू जमिनीचे प्रमाण, भूमिहीन कुटुंबांचे प्रमाण आणि स्त्री-साक्षरता. अ गावात हे आकडे ९०, २० आणि ५० टक्के. ब गावात ६०, ३० आणि ७०. क गावात ४०, ६० आणि ६० आहेत असे मानू.

टक्के, मिलिमीटर, किलोमीटर, रुपये यांची थेट बेरीज करता येत नाही. म्हणून प्रत्येक आकडा ० ते १ या पट्टीवर आणतात. त्या रकान्यातील सर्वांत लहान आकडा वजा करावयाचा आणि सर्वांत मोठ्या व लहान आकड्यांतील फरकाने भागावयाचे. कोरडवाहूच्या रकान्यात अ ला १, ब ला ०.४० आणि क ला ० मिळतो. भूमिहीनांच्या रकान्यात अ ला ०, ब ला ०.२५, क ला १. साक्षरतेचे मात्र उलटे आहे. ती जितकी जास्त तितकी झळ कमी. म्हणून तेथे पट्टी उलटी धरतात : अ ला १, ब ला ०, क ला ०.५०.

आता तिन्हींची सरासरी काढा. अ गाव ०.६७, ब गाव ०.२२, क गाव ०.५०. म्हणजे अ गाव सर्वांत असुरक्षित ठरले. योजना अ गावाला जाईल.

परंतु समजा, कोणी म्हणाले की भूमिहीनता ही इतर दोन्हींपेक्षा दुपटीने महत्त्वाची आहे. मग त्या रकान्याला दुप्पट वजन देऊन चाराने भागावे लागेल. आता अ ला ०.५०, ब ला ०.२३ आणि क ला ०.६३ मिळतात. क गाव वर आले! गावे तीच, माणसे तीच, आकडेही तेच. फक्त कशाला किती वजन द्यावयाचे हा निर्णय बदलला. हा निर्णय गणिताचा नसतो. तो माणसे घेतात, आणि म्हणूनच तो उघडपणे, कारणे सांगून घेतला पाहिजे.

या रीतीची आणखी एक मर्यादा ध्यानात ठेवावी. ० मिळाला म्हणजे झळ मुळीच नाही असा अर्थ होत नाही. तुलनेत सर्वांत कमी एवढाच होतो. वरील उदाहरणात भूमिहीनांच्या रकान्यात अ गावाला ० मिळाला, पण तेथे शंभरातील वीस घरांना जमीन नाहीच. महाराष्ट्र तळाशी आला म्हणून येथे चिंता नाही असे मानणे ही तशीच चूक होईल. पहिल्या अहवालातील सर्वांत वरच्या आणि सर्वांत खालच्या राज्यांत अंतर होते ते ०.६७ आणि ०.४२ एवढेच.

सरासरीच्या पोटात काय दडते?

मोजमाप जितक्या मोठ्या क्षेत्राचे, तितके त्यातील माणूस दिसेनासा होतो. हे केवळ गरीब देशांपुरते नाही. नॉर्वे हा अतिशय संपन्न देश. देश म्हणून पाहिले तर तो हवामानबदलाला सहज तोंड देईल असे वाटत होते. पण कॅरन ओब्रायन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ मध्ये प्रदेश व स्थानिक पातळीवर पाहणी केली, तेव्हा त्याच देशात कमजोर ठिकाणे दिसून आली.

याच विदुषीने दिल्लीच्या टेरी या संस्थेतील संशोधकांसह भारताचाही जिल्हानिहाय नकाशा तयार केला आणि तोही २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात पाऊस, माती, भूजल यांच्याबरोबर सिंचन, साक्षरता, स्त्री-पुरुष विषमता आणि शेतीवर राबणाऱ्यांतील भूमिहीन मजुरांचे प्रमाणही धरले होते. शिवाय खुल्या बाजारपेठेचा धक्का कोणत्या जिल्ह्यांना जास्त बसेल हेही पाहिले होते. हवामान आणि बाजार हे दोन्ही घाव एकदम बसणारे जिल्हे त्या नकाशात वेगळे उठून दिसले. एका हाताने ढग आणि दुसऱ्या हाताने भाव मारतो, हे आपल्या कापूस-सोयाबीन पिकविणाऱ्यांना नकाशाविनाही ठाऊक आहे. पण नकाशा असला की ते सरकारदरबारी मांडता येते.

यानंतर महाराष्ट्र शासनासाठी टेरीने राज्याचा कृती आराखडा केला. त्यातील क्रमवारीत नंदुरबार सर्वांत असुरक्षित आणि सातारा सर्वांत कमी असुरक्षित ठरला. हैदराबादच्या केंद्रीय कोरडवाहू शेती संशोधन संस्थेने देशातील ५७३ ग्रामीण जिल्ह्यांची जोखीम मोजली. त्यांपैकी १०९ अतिउच्च आणि २०१ उच्च जोखमीचे निघाले. म्हणजे निम्म्याहून अधिक. मराठवाड्यातील सर्व जिल्हे समाविष्ट असलेला नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प, ज्याला आपण 'पोकरा' म्हणतो, तो २०१८ मध्ये जागतिक बँकेच्या कर्जातून सुरू झाला, तेव्हा तो जिल्ह्यावर न थांबता गावांच्या समूहांपर्यंत खाली गेला.

येथे एक लक्षात ठेवावे. या प्रकल्पाच्या कागदपत्रांत 'पूर्णा खोऱ्यातील खारपाण पट्टा' असा उल्लेख येतो. ती पूर्णा आपली नव्हे. ती अकोला, अमरावती, बुलढाण्याकडील, तापीला मिळणारी पूर्णा. आपली पूर्णा गोदावरीची. नाव एक, खोरी दोन, दुखणीही दोन. नकाशा वाचताना एवढी सावधगिरी हवी.

परभणी जिल्ह्यात ९ तालुके आहेत आणि २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या १८ लाख ३६ हजार. एवढ्या माणसांना मिळून एक आकडा! त्यात बालाघाटच्या बाजूचा गंगाखेड आहे, डोंगराळ जिंतूर आहे, आणि दोन नद्यांच्या मधला पूर्णा आहे. शिवाय हे आकडे बहुधा २०११ च्या जनगणनेचे असतात. २०२१ ची जनगणना त्या वर्षी झालीच नाही. तेव्हा जन्मलेले मूल आज दहावीच्या उंबरठ्यावर आहे.

पैसेवारी : आपले जुने मोजमाप

निर्देशांक हा शब्द नवा असला तरी त्यामागील कल्पना आपल्या खेड्यांना नवी नाही. आणेवारी, म्हणजे पुढची पैसेवारी, हे त्याच जातीचे मोजमाप. गावातील पीक प्रमाणित उत्पन्नाच्या ५० पैशांहून कमी आले तर टंचाई समजावी, हा तिचा नियम सर्वपरिचित आहे. २०१६ मध्ये केंद्राने दुष्काळ ठरविण्याची नवी संहिता आणली. तीत पाऊस, पेरणी, जमिनीतील ओल, उपग्रहाने टिपलेली हिरवळ, पाणीसाठे असे अनेक निर्देशक आले. त्याच संहितेनुसार ऑक्टोबर २०१८ मध्ये राज्यातील १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला.

पावसाचेही तसेच. महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरहून अधिक पाऊस पडला की अतिवृष्टी धरली जाते. पण मंडळात गावे अनेक. पर्जन्यमापक एका गावात आणि ढगफुटीसारखा पाऊस चार कोसांवरच्या दुसऱ्या शिवारात, असे घडू शकते. पीकविम्यातही मंडळाचे सरासरी उत्पन्न पाहिले जाते. सरासरी वर राहिली की ज्याचे बुडाले तो त्यातच बुडतो.

आणि या सर्व मोजमापांत एक माणूस मुळीच येत नाही. तो म्हणजे शेतमजूर. पंचनामा होतो तो पिकाचा, आणि पीक ज्याच्या सातबाऱ्यावर त्याच्या नावे. सोयाबीन पाण्यात गेले तर मालकाचे पीक गेले. पण काढणीच्या ज्या दिवसांवर मजुराच्या घराचे तीन महिने चालतात, ते दिवसही गेले. त्यांचा पंचनामा कोण करतो? बटईने शेती करणाऱ्याचे तेच. गायरान जमीन वर्षानुवर्षे कसूनही जिच्यावर नाव लागले नाही, त्या कुटुंबाचेही तेच. दादासाहेब गायकवाडांनी १९६४ मध्ये भूमिहीनांचा देशव्यापी सत्याग्रह उभारला, तेव्हाचा प्रश्न आज हवामानाच्या रूपाने पुन्हा दाराशी आला आहे. देशात अनुसूचित जातींचे लोकसंख्येतील प्रमाण २०११ मध्ये १६.६ टक्के होते. वहितीखालील जमिनीत त्यांचा वाटा दहा टक्क्यांहूनही कमी आहे. जेथे जमीन हीच मदतीची पावती ठरते, तेथे जमीन नसलेला माणूस कागदावर सुरक्षितच दिसतो!

१९१८ चा एक धडा

या संदर्भात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा भारतातील लहान शेतजमिनींवरील निबंध विद्यार्थ्यांनी अवश्य वाचावा. तो १९१८ मध्ये इंडियन इकॉनॉमिक सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. जमिनीचे तुकडे लहान आहेत म्हणून शेती बुडते, असे तेव्हा सर्रास म्हटले जाई. बाबासाहेबांनी दाखविले की धारणाक्षेत्र लहान की मोठे हे केवळ एकरांवरून ठरत नाही. त्या जमिनीवर भांडवल किती, अवजारे किती, राबणारे हात किती, यांच्या प्रमाणावरून ते ठरते. आणि शेतीवर जास्तीची माणसे अवलंबून असणे हे खरे दुखणे असेल, तर उपाय उद्योगधंद्यांच्या वाढीत शोधला पाहिजे.

आजच्या निर्देशांकांत 'अल्प व अत्यल्पभूधारकांचे प्रमाण' हा निर्देशक हमखास असतो. त्या एका आकड्यावर थांबणाऱ्याला या निबंधातला धडा लागू पडतो. दोन एकर बागायत आणि घरात रेल्वेची नोकरी असलेले कुटुंब, आणि पाच एकर मुरमाड कोरडवाहू असलेले कुटुंब, यांत अधिक असुरक्षित कोण? एकर पाहिले तर पहिले. सगळे मिळून पाहिले तर दुसरे. पूर्णा हे रेल्वे जंक्शनचे गाव असल्याने हा फरक आपल्याला गल्लीगल्लीत पाहावयास मिळतो. मोजमाप करणाऱ्याने एका आकड्यावरून माणसाची किंमत करू नये, इतर बाजूही तपासाव्यात, हे शंभर वर्षांपूर्वीच सांगून ठेवलेले आहे.

आपण काय करू शकतो?

मोठे अहवाल दिल्ली-बंगळूरला होतील. पण गावाच्या आतील फरक मोजण्याचे काम गावाच्या मुलामुलींइतके चांगले कोणी करू शकणार नाही. दिवाळीच्या किंवा उन्हाळ्याच्या सुट्टीत दहा-बारा विद्यार्थ्यांनी मिळून आपली वस्ती आणि शेजारची एक वस्ती घ्यावी आणि प्रत्येक घरी हेच प्रश्न त्याच शब्दांत विचारावेत :

छप्पर कशाचे आहे? गेल्या पाच वर्षांत घरात पाणी शिरले काय, किती वेळा? पिण्याचे पाणी कोठून आणि उन्हाळ्यात किती अंतरावरून? ते कोण आणते? जमीन स्वतःची, बटईची, गायरानाची की नाहीच? वर्षात मजुरीचे दिवस किती मिळतात आणि अतिवृष्टीच्या वर्षी किती बुडाले? ऊसतोडणीला किंवा शहराकडे कोण जाते, मुले शाळा सोडून बरोबर जातात काय? दरमहा ठरलेला पगार वा पेन्शन आहे काय? कर्ज बँकेचे की सावकाराचे? भर उन्हात काम करणारे आणि घरातले वृद्ध किती? शेवटची शासकीय मदत कोणती आणि केव्हा मिळाली?

उत्तरे वर दाखविलेल्या रीतीने ० ते १ च्या पट्टीवर आणावीत. कशाला किती वजन द्यावयाचे, हे वस्तीतील मंडळींना, विशेषतः स्त्रियांना, एकत्र बसवून ठरवावे. दोन-तीन प्रकारे वजने बदलून पाहावीत. जी घरे प्रत्येक वेळी वरच राहतात ती खरोखर अडचणीत आहेत असे समजावे. कुटुंबांची नावे जाहीर करू नयेत. एकूण आकडेच मांडावेत. हिशेब प्रथम वस्तीला वाचून दाखवावा आणि मगच ग्रामसभेत, नगरपरिषदेत किंवा तहसील कार्यालयात द्यावा. परभणीला १९७२ पासून कृषी विद्यापीठ आहे. पाऊस, माती व पीक यांची माहिती मागण्यास तेथे जाण्याचा संकोच विद्यार्थ्यांनी करू नये.

असा कागद हाती असेल तर "आमच्यावर अन्याय होतो" एवढेच म्हणून थांबावे लागणार नाही. "या वस्तीतील इतक्या घरांत पाच वर्षांत तीनदा पाणी शिरले, त्यांपैकी इतक्यांच्या नावे सातबारा नाही, म्हणून त्यांना एकदाही मदत मिळाली नाही" असे म्हणता येईल. पहिल्या वाक्याला सहानुभूती मिळते, दुसऱ्याला उत्तर द्यावे लागते.

पुढील पावसाळा कसा येईल हे आपल्या हाती नाही. तो आल्यावर कोणाच्या घरात आधी पाणी शिरते आणि कोणाची चूल आधी विझते, हे मात्र आजच मोजून ठेवता येते. ज्याचे मोजले गेले नाही त्याचे बुडालेले कागदावर येत नाही. आपल्या शिकलेल्या पिढीने वही आणि पेन्सिल घेऊन एवढे काम अंगावर घ्यावे, अशी विनंती करून हा लेख संपवितो.